सातच्या बातम्यांतली माफी

बडनेऱ्याच्या स्टेशनवर त्या दिवशी आमच्या ओळखीची तीन घरं आपापल्या मुलांना पोचवायला आली होती आणि तिन्ही मुलं पुण्याला चालली होती. मी मात्र आई-बाबांबरोबर समोरच्या फलाटावर होते, नागपूरवरून पुढे रायपूरला जाणाऱ्या गाडीसाठी. पलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, "वंदे, तू उलटीकडे काहून चालली वं?" सगळे हसले. मीही हसले, पण मनातून चांगलीच चिडले होते.

छत्तीसगडचं नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूरला कोणी बातम्यांची वाहिनी काढत होतं आणि त्यांना हिंदी लिहिणारी, कमी पगारात राबणारी, नवखी माणसं हवी होती. या तिन्ही अटींत मी बरोबर बसत होते. आईनं पिशवीत ज्वारीचं पीठ कोंबलं होतं, कारण "तिकडं नुसता भातच खातेत म्हनते." बाबांनी आयुष्यभर कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्यामुळे बोलतानाही ते मोजकंच बोलायचे. गाडी हलली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "परक्या गावात मान खाली घालून राहजो, बाई. आपण बाहेरचे." मी "हव" म्हटलं. तेव्हा मला ते पटलंही होतं.

वाहिनीचं ऑफिस बूढापाऱ्यात, तलावाजवळच्या एका भाड्याच्या घरात होतं. झोपायच्या खोलीत स्टुडिओ, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, म्हणजे बाहेरच्या स्कूटरींचा आवाज आत येऊ नये. तरी यायचाच. कॅसेट ठेवायला गोल बाजारातून लोखंडी कपाट आणलं होतं आणि त्या कपाटाची मालकीण मी. चित्रण करून आलेल्या प्रत्येक कॅसेटवर चिठ्ठी लावायची: कुठलं, कशाचं, कधीचं. ज्यातलं चित्र पुढे कुठल्याही बातमीला चिकटवता येईल, त्यावर लिहायचं 'जनरल'. बाजारातली गर्दी जनरल, धान कापणाऱ्या बाया जनरल, ट्रकवाले जनरल. ही पद्धत मीच बसवली होती आणि मला तिचा अभिमान होता. बाबांची मुलगी ना मी!

तीन वर्षांत मी सातच्या बातम्यांची प्रमुख झाले. रायपुरातल्या आपल्या मराठी मंडळींत कुजबुज झाली, "कानामागून आली आन् तिखट झाली." झाले होतेच तिखट. बाबांची शिकवण मी शेठजींपुरती पाळत होते. शेठजी म्हणजे वाहिनीचे मालक, तांदळाच्या गिरण्यांवर मोठे झालेले. ते बोलले की मी मान खाली घालायची. बाकी सगळ्यांवर आवाज चढवायची.

आणि मग ती चूक झाली. रायपूरच्या वेशीवर, भनपुरीला, ट्रकच्या रांगांमध्ये बिसाहिनबाईची खानावळ होती. चार बाकडी, एक चूल, भात-डाळ आणि लाल टमाट्याची चटणी. तिच्या चटणीवर आम्ही एकदा कौतुकाची बातमी केली होती. तिनं कॅमेऱ्यासमोर लाजत लाजत पाट्यावर चटणी वाटली होती. त्या कॅसेटवर मी चिठ्ठी लावली: 'भनपुरी, ढाबा, जनरल'. दोन महिन्यांनी बातमी आली की हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर चोरून दारू विकली जाते. सातला दहा मिनिटं कमी. संपादन करणाऱ्यानं कपाटातून ढाब्याची कॅसेट काढली, मी पडद्यावर एक नजर टाकली आणि "जाऊ दे" म्हटलं. जुनं चित्र दाखवताना कोपऱ्यात 'फाइल' असं लिहायचं असतं, तेही राहिलं. साऱ्या छत्तीसगडनं दारूची बातमी ऐकली आणि बघितली बिसाहिनबाई.

चौथ्या दिवशी ती ऑफिसच्या दारात उभी होती. सोबत दहावीतली मुलगी, खाली बघत. खानावळीत पोलीस शिपाई दोनदा येऊन गेला होता. गिऱ्हाइकं डोळे मिचकावून बाटली मागत होती. नळावरच्या बाया तिच्याशी बोलेनाशा झाल्या होत्या आणि मुलीनं शाळेत जायचं बंद केलं होतं. बिसाहिनबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "मंय दारू नइ बेचंव. भात बेचथंव. टीवी म देखाय हस, त टीवी म बता."

टीव्हीवर दाखवलंस, तर टीव्हीवरच सांग. इतकी साधी मागणी होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एका बाईची इज्जत मी चिठ्ठी चिकटवून कुणाच्याही हाती दिली होती.

मी शेठजींकडे गेले. ते म्हणाले, "चैनल माफी नहीं माँगता, वंदना जी. बाई को एक अच्छी साड़ी दे दीजिए, मामला खतम." मी म्हटलं, साडी नेसून ती नळावर गेली तर बाया म्हणतील दारूच्या पैशातून आली. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आप बाहर से आई हैं. यहाँ के लोग दो दिन में भूल जाते हैं."

बाहेरची. बाबांनी हाच शब्द मला सांभाळून राहण्यासाठी दिला होता आणि हा माणूस त्याच शब्दानं माझं तोंड बंद करत होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला पहिल्यांदा कळलं की मान खाली घालून राहणाऱ्या बाहेरच्या माणसाचा उपयोग फार मोठा असतो, फक्त तो स्वतःला नसतो.

त्या संध्याकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना मी स्टुडिओत शिरले. बातम्या वाचणाऱ्या मुलीला म्हटलं, "दो मिनट उठ, दीदी का काम है." आयुष्यात कधी कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. केस विसकटलेले, ओढणीवर चहाचा डाग, आणि माझी ती अमरावतीच्या वळणाची हिंदी. मी सांगितलं की चार दिवसांपूर्वी आम्ही भनपुरीच्या बिसाहिनबाईंचं जुनं चित्र चुकीच्या बातमीत दाखवलं. त्या भात विकतात, दारू नाही. चूक माझी आहे, माझं नाव वंदना, मी या बातम्यांची प्रमुख. मग तिचं चटणी वाटतानाचं चित्र लावलं, खाली तिचं नाव, आणि दारूची बातमी जेवढा वेळ चालली होती तेवढाच वेळ ते चालू ठेवलं. घड्याळ लावून.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून सातच्या बातम्या काढून घेतल्या. कोणता कार्यक्रम किती वाजता लागेल याचा तक्ता भरायच्या टेबलावर मला बसवलं. नोकरी सोडून मी स्वतःच जावं, हा त्यामागचा हिशेब. अमरावतीला बातमी पोचली. बाबांचा फोन आला. "हात दाखवून अवलक्षण काहून केलं? कोणी मांगतलं होतं का? वापस ये. इथं काई कमी हाय का तुले?"

मी म्हटलं, "बाबा, मी मान वर करून राहून राहिली. वापस नाही येत." त्यांनी फोन ठेवला. तीन महिने बोलले नाहीत. ते तीन महिने मी रोज रडले, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मोठी वाघीण होते.

पुढच्या शनिवारी भनपुरीला गेले. वाटलं होतं, बाई निदान हसेल. तिनं भात वाढला आणि म्हणाली, "आधा मिटिस." अर्धंच पुसलं गेलं. दारूची बातमी ज्यांनी पाहिली, त्या सगळ्यांनी माफी थोडीच पाहिली होती? मग उरलेलं अर्धं कोण पुसणार? मी त्या बाकड्यावर बसले. शेजारच्या बाया मुद्दाम डोकावायच्या, त्यांना मी स्वतः सांगायची, ती चूक करणारी बाई मीच. पुढच्या शनिवारी पुन्हा. पाचव्या-सहाव्या शनिवारी नळावरच्या दोघी येऊन बिसाहिनबाईच्या हातचा चहा प्यायल्या. मुलगी शाळेत परतली. पण माझे शनिवार थांबले नाहीत, कारण लोक आपापली दुखणी घेऊन यायला लागले होते. कुणाचा फोटो भलत्याच बातमीत, कुणाच्या घरातल्या मयताचं चित्रण न विचारता. कॅमेरा दारात आला तर काय विचारायचं, ते मी शिकवू लागले: कशासाठी घेता, कुठे दाखवणार, उद्या दुसऱ्या कशात वापरणार का? माझ्याच धंद्यातले लोक मला शिव्या द्यायला लागले. देऊ देत.

दोन वर्षांनी शेठजींनी बोलावलं. लोक फोन करून माझं नाव घेतात, म्हणाले. बातम्या परत दिल्या, पुढे सगळी वाहिनीच सोपवली. मी पहिल्या दिवशी कपाटातल्या सगळ्या 'जनरल' चिठ्ठ्या उचकटून काढल्या आणि ज्यांची नावं शोधता आली ती लिहिली. बाकीच्या कॅसेट परत वापरल्या नाहीत.

आता तुम्हा अमरावतीकरांचं पत्र आलंय. पुण्याला गेलेले, अमेरिकेला गेलेले आणि मी, सगळ्यांचा अमरावतीत सत्कार करायचाय. शनिवार ठरलाय. छापायला माझं कार्य चार ओळींत हवंय आणि 'आता तरी घरी परत या' असंही तुम्ही प्रेमानं लिहिलंय.

मागच्या खेपेला आले तेव्हा तुम्ही मला चांगल्या कपात चहा दिलात, खुर्ची पुसून दिलीत. माझी एक गोष्ट तुम्हाला पटली नव्हती, चेहऱ्यावर दिसत होतं, पण कोणी बोललं नाही. बाबा होते तोवर तिथे माझ्यावर ओरडणारं माणूस होतं. आता नाही. आणि परवाच बिसाहिनबाईचा फोन आला होता, "कालि तुंहर चैनल म फेर गलत देखाइन," काल तुमच्या वाहिनीवर पुन्हा चुकीचं दाखवलं, आणि मग दहा मिनिटं तिनं मला धू धू धुतलं. ती बरोबर होती.

सत्काराला येईन. शाल घेईन, फोटोही काढू. फक्त दिवस रविवार ठेवा. शनिवारी मला घरी, भनपुरीच्या बाकड्यावर, असावं लागतं, लोक भांडायला येतात.