हिरव्या पडद्यामागचं पत्र

जनरल अल्फियस क्रॉथर वारले त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली होती. वर्ना ड्रेसबाखला मात्र त्यांच्याबद्दल इतर कोणी जरा आपुलकीनं बोललेलं अजूनही खपत नसे.

गावात हे सगळ्यांना माहीत होतं. ओहायोतल्या त्या टापूत प्रत्येक गावाचा यादवी युद्धातला एक सेनापती असतो, तसा क्रॉथर हा कोल्टर्स फोर्डचा. त्यानं एक लढाई जिंकली, दोन हरल्या, आणि पुढं राज्यपालपदाची निवडणूकही दोनदा हरला. चौकात त्याचा पुतळा आहे. घोड्याला पैसे पुरले नाहीत म्हणून तो उभा आहे. गावाला एवढा क्रॉथर पुरत होता. बाकीचा सगळा वर्नाचा.

वर्ना शाळेच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकून होती. नवरा ऑरिन शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. मूलबाळ झालं नाही. दर मंगळवारी आणि गुरुवारी ती इतिहास मंडळात जायची. मंडळ जुन्या बँकेच्या इमारतीत आहे आणि कागदपत्रं तिजोरीच्या खोलीत, कारण दार लोखंडी आहे आणि ते उघडायला दोन माणसं लागतात. तिथं बसून वर्नानं जनरलची दोनशे अकरा पत्रं शिसपेन्सिलीनं उतरवून काढली. त्याचा लपेटदार 'टी', घाईत अर्धवट सोडलेली सही, दात दुखत असला की उजवीकडं कलणाऱ्या ओळी, हे सगळं तिला स्वतःच्या नवऱ्याच्या सवयींपेक्षा जास्त ठाऊक होतं. ऑरिन हयात असताना कधीकधी टेबलावर तिसरी थाळी मांडायचा.

"जनरलसाहेब येणारेत का जेवायला, की आज छावणीतच?"

"तुझ्यापेक्षा वेळेवर येतील," वर्ना म्हणायची.

त्या दोनशे अकरांतली दोनशे दहा पत्रं मंडळाची होती. एक तिचं स्वतःचं होतं. १९९५ साली एका शेतावरच्या लिलावात लोणच्याच्या बरण्या आणि टाचण्यांच्या उशा भरलेलं एक खोकं तिनं चार डॉलरला घेतलं आणि त्याच्या तळाशी ते सापडलं. १८६४ च्या जूनमध्ये जनरलनं सुझाना गेरिंग नावाच्या विधवेला लिहिलेलं पत्र. मुलगा एमस गेल्याची बातमी. 'तो माझ्या नजरेसमोर पडला. पडताना त्याचं तोंड शत्रूकडं होतं.' वर्नानं ते खोक्यातून काढलं, तिथंच गोठ्याच्या दारात उभं राहून वाचलं आणि बरण्या तिथंच विसरून घरी आली.

गेरिंगबाईंना आलेलं पत्र भलत्याच शेतावर कसं गेलं, हा प्रश्न तिला तेव्हा पडला होता. तिनं त्याचं उत्तरही तयार केलं होतं: बाईंनी ते कुणा मैत्रिणीला ठेवायला दिलं असणार. हवं असलेलं उत्तर माणसाला फार लवकर सापडतं.

पत्र तिनं चौकटीत बसवून मंडळाला दिलं. उजेडानं शाई उडते म्हणून वर हिरव्या मखमलीचा पडदा शिवला. बघणाऱ्यानं पडदा उचलायचा, वाचायचं, सोडायचा. चौकट कुणी उघडायची नाही, हा तिचाच नियम. एकोणतीस वर्षांत तो कुणी मोडला नाही, तिनंही नाही.

मग कॉरीन हॅलोवे आली.

कॉरीन क्लीव्हलँडची, दाताच्या डॉक्टरची बायको, निवृत्तीला गाव हवं म्हणून इथं. तिनं घर घेतलं तेही नेमकं गेरिंगांचं. त्याच घराच्या पोटमाळ्यावर एकदा जाऊ द्या म्हणून वर्ना म्हाताऱ्या गेरिंगकडं तीनदा गेली होती. तिन्ही वेळा त्यानं तिला व्हरांड्यात आइस्ड टी पाजून परत पाठवलं होतं. कॉरीनला पोटमाळा घराबरोबरच मिळाला.

मंडळात आल्यावर महिन्याभरात तिनं पत्रांचे फोटो इंटरनेटवर चढवायला सुरुवात केली. फोटो काढताना पांढरे हातमोजे घालायची. हातमोजे सिनेमात घालतात; कागदाला स्वच्छ धुतलेला उघडा हात लागतो, कारण मोज्यात बोटाला कागदाची कड कळत नाही आणि ती फाटते. वर्नानं हे तिला दोनदा सांगितलं. कॉरीन दोन्ही वेळा "किती छान माहिती गं वर्ना!" म्हणाली आणि तिनं मोजे काढले. हेही वर्नाला आवडलं नाही. तिनं जरा हुज्जत घालायला हवी होती.

सगळे कॉरीनला कॉरीन म्हणत. वर्ना तीन वर्षं 'मिसेस हॅलोवे' म्हणत होती, आणि 'तुम्ही'.

"वर्ना, आमच्या जनरलला इंटरनेटवर चारशे लोक वाचतात आता!" कॉरीन एकदा म्हणाली.

वर्ना पेन्सिलीला टोक करत राहिली. 'आमच्या' हा शब्द तिला दुपारभर पुरला.

मार्चमधल्या एका मंगळवारी कॉरीन केक भाजायची एक पत्र्याची थाळी घेऊन आली. थाळीत गोधडीच्या कापडाला माप म्हणून वर्तमानपत्रातून कापलेले षटकोनी तुकडे होते आणि त्याखाली चार घड्या घातलेलं एक पत्र. मंडळाचा अध्यक्ष ड्वेन ओबरहोल्ट्झर, पूर्वी ट्रॅक्टर विकायचा, तोही तिथंच होता.

"पोटमाळ्यावर, तुळईमागं होती," कॉरीन म्हणाली. "मी पहिली ओळ वाचली आणि पुढं वाचलंच नाही. म्हटलं आधी वर्नानं वाचावं."

वर्नानं पहिली ओळ वाचली. मग दुसरी वाचायची तिला गरज पडली नाही. ती पाठ होती.

ड्वेननं भिंतीवरचा पडदा उचलला, टेबलावर पाहिलं, पुन्हा भिंतीवर पाहिलं. "अरेच्चा, जुळी झाली की!"

"ही छापील नक्कल आहे," वर्ना म्हणाली. "अठराशे अठ्ठ्याऐंशी साली पलटणीतल्या म्हाताऱ्यांचा मेळावा झाला होता, तेव्हा जनरलचं एक पत्र दगडावर उतरवून त्याचे छाप काढले आणि सगळ्यांना आठवण म्हणून वाटले होते. वर्तमानपत्रात बातमी आहे. कुठलं पत्र ते लिहिलेलं नाही. आता कळलं."

"एवढं हुबेहूब छापायचे?" ड्वेननं विचारलं.

"लोक फसतात. दरवर्षी कुणीतरी काकाच्या पेटीतून असलं काहीतरी घेऊन येतो आणि रडकुंडीला येऊन परत जातो."

कॉरीन रडकुंडीला आली नाही. "तू बघ ना नीट," ती म्हणाली. "तू सांगशील ते मला मान्य. तुझ्याइतकं त्याला कोण ओळखतं?"

ड्वेननं ठरवून टाकलं: वर्नानं दोन्ही पत्रं तपासायची आणि शनिवारी वार्षिक जेवणात निकाल सांगायचा. "आणि जेवणाच्या आधी सांग बरं का. नंतर म्हातारे झोपतात."

गुरुवारी सकाळी वर्ना एकटी बसली. हात धुतले, पुसले, भिंग घेतलं. कॉरीनचं पत्र आधी. जिथं एक रेघ दुसरीला छेदते तिथं शाई साचून काळी झाली होती. 'नजरेसमोर' या शब्दाशी टाक अडखळला होता, कागद ओरखडला होता. छपाईत दगड अडखळत नाही. तिनं पत्र उलटं केलं. मागच्या बाजूला शाई कागदात उतरून तपकिरी सावल्या उमटल्या होत्या, ओळीमागं ओळ, उलट्या.

आणि त्या सावल्यांवर, आडव्या, शिसपेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी होत्या. हस्ताक्षर जनरलचं नव्हतं.

'एमसचे बूट आले नाहीत. शिंप्याकडून आणलेला कोटही नाही. पुन्हा लिहिलं, नऊ जुलै.'

वर्नानं ते तीनदा वाचलं. मग भिंतीवरची चौकट उतरवली आणि स्वतःचाच नियम मोडून मागचा पुठ्ठा सुरीनं सोडवला. एकोणतीस वर्षांनी ते पत्र बाहेर आलं. मागची बाजू धुतलेल्या थाळीसारखी स्वच्छ होती. ना सावली, ना खूण. भिंगाखाली पुढची शाई सगळीकडं सारखी, सपाट, बारीक दाण्यांची. टाक जिथं अडखळला होता तो ओरखडा इथंही दिसत होता, पण बोटाला लागत नव्हता. ओरखड्याचं चित्र होतं ते.

पलटणीतल्या कुठल्याशा म्हाताऱ्यानं मेळाव्याहून घरी आणलं असणार, आणि त्याच्या बायकोनं बरण्यांखाली घातलं असणार. वर्नानं भिंग बाजूला ठेवलं. नवऱ्यानं एखादीला लिहिलेली पत्रं सापडावीत तसं काहीसं तिला वाटलं. फक्त इथं ती 'एखादी' तीच होती, आणि जिला खरी पत्रं गेली ती बायको दुसरीच.

त्यानंतरच्या तासाबद्दल वर्नानं कुणाला सांगितलं नाही. तिनं टंकलेखन यंत्रात कागद घातला आणि स्वच्छ अक्षरांत लिहिलं की मिसेस हॅलोवे यांचं पत्र ही १८८८ ची छापील प्रत आहे. कुणी शंका घेतली नसती. कॉरीननं तर आधीच मान्य केलं होतं. तिनं ते थाळीत ठेवलं असतं, गोधडीच्या तुकड्यांबरोबर, आणि कपडे धुण्याच्या खोलीत कुठंतरी फळीवर टाकलं असतं. कॉरीनला काय फरक पडणार होता? तिच्याकडं तलाव दिसणारी खिडकी होती, नवरा जिवंत होता, चारशे वाचक होते. वर्नाकडं एक पत्र होतं.

मग नियमाप्रमाणं नोंदीचं कार्ड भरायला घेतलं. कार्डाचा नमुना १९९८ साली तिनंच केला होता: क्रमांक, तारीख, कागद, शाई. पाचवा रकाना 'मागची बाजू'. पेन्सिल तिथं येऊन थांबली. निकाल हा शनिवारी सूप पिताना लोक ऐकणार आणि रविवारी विसरणार. कार्ड मात्र तिच्या नंतरही तिथंच राहणार होतं, आणि इतक्या वर्षांत तिनं त्यावर न पाहिलेलं काही लिहिलं नव्हतं, पाहिलेलं गाळलं नव्हतं. त्या रकान्यात एक तर 'कोरी' लिहायचं, नाहीतर बूट लिहायचे.

तिनं पेन्सिलीला पुन्हा टोक केलं. मग बूट लिहिले, कोट लिहिला, नऊ जुलै लिहिला. यंत्रातला कागद काढून फाडला, चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत न टाकता पर्समध्ये टाकले.

शनिवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात साठ माणसं जमली होती. उकडून कुस्करलेल्या बटाट्यावर नूडल, त्यावर कोंबडीचा रस्सा. ज्याला रंग म्हणतात तो ताटात कुठंच नव्हता. ड्वेननं चमच्यानं ग्लास वाजवला. वर्ना उभी राहिली. पोटाशी पर्स धरली होती.

"मिसेस हॅलोवे यांचं पत्र अस्सल आहे," ती म्हणाली. "भिंतीवरचं छापील आहे. ते मी आणलं होतं आणि ते तपासायला एकोणतीस वर्षं मीच कुणाला दिलं नाही. एवढंच. नूडल गार होतायत."

कुणी काट्याला हात लावला नाही. ड्वेन पुटपुटला, "म्हणजे एवढी वर्षं आम्ही पडदा उचलून..."

"पोस्टर बघत होता. हो."

मागून कुणीतरी हसलं आणि बायकोनं त्याला गप्प केलं. कॉरीन मात्र उठून थेट वर्नाकडं आली. डोळे भरलेले. वर्नाला भीती होती तेच झालं: तिनं मिठी मारली.

"तू गप्प बसली असतीस तरी मला कळलं नसतं गं," ती कानाशी म्हणाली.

"ठाऊक आहे मला," वर्ना म्हणाली. "आता सोडा, पर्सचा बंद अडकलाय."

पत्र आपल्याच दिवाणखान्यात, त्या खिडकीसमोर, उन्हात लावते की काय, ही धास्ती वर्नाला शनिवारपासून होती. मंगळवारी कॉरीन आली ती पत्र घेऊनच.

"मंडळालाच देणार. पण माझी एक अट आहे," ती म्हणाली. "भिंतीवर नको. मधोमध खांबावर, दोन्हीकडून काच. म्हणजे लोक जनरलचं वाचतील, मग वळसा घालून तिचं वाचतील. ती बिचारी बुटांची वाट बघत बसलीय आणि आपण तिला भिंतीकडं तोंड करून का उभं करायचं?"

ड्वेन म्हणाला, "वा!"

कल्पना चांगली होती. वर्नानं ती सगळीकडून तपासली, भिंगानं पाहावी तशी, आणि तिला कुठं खोट सापडेना. दोनशे अकरा पत्रं उतरवली तिनं. कुणी काय उत्तर दिलं असेल, हे एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरच्या बायकोच्या आलं. पत्र गेलं त्याचं दुःख एव्हाना थोडं उतरलं होतं. हे उतरण्यातलं नव्हतं.

"काच साधी घेऊ नका, मिसेस हॅलोवे," ती शेवटी म्हणाली. "ऊन अडवणारी मिळते, ती घ्या. आणि पडदे दोन लागतील."

"शिवशील तू?"

"दुसरं कोण शिवणार? तुमचा टाका बघितलाय मी, तुम्ही शिवलेल्या गोधडीवर."

भिंतीवरच्या चौकटीचा हिरवा पडदा तिनं त्याच दिवशी काढला. छापील शाई उजेडानं उडत नाही. खांबावरच्या नव्या काचेवर, जनरलच्या बाजूला, तो तसाच बसला, इंचभरही कमी-जास्त नाही. सुझाना गेरिंगसाठी नवं कापड लागलं. वर्नानं जिल्ह्याच्या गावी जाऊन अडीच तास दुकानं पालथी घातली आणि गडद निळी मखमल आणली, हिरव्यापेक्षा दुप्पट महागाची. कॉरीन "किती सुंदर!" म्हणाली, तर वर्ना म्हणाली, हिरवं संपलं होतं.