ह नंतरचा ळ

मुकुंदवाडीत आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. अजिंठ्याकडच्या शाळांत नोकरी करताना त्यांनी तिथल्या बोलीतले शब्द वह्यांत टिपून ठेवले होते. ते संगणकावर घ्यायला मी त्यांना मजकूर लिहायचा एक फुकटचा एडिटर बसवून दिला. त्या एडिटरला स्वतःची छोटी भाषा आहे. तिच्यात काही ओळी लिहून ठेवल्या की ठरावीक कामं तो आपसूक करतो. शब्द लिहून कळ दाबली की तो कोशात आपल्या जागी जाऊन बसेल, एवढं मी करून दिलं.

शब्द वाढत गेले तसा एडिटर गोठायला लागला. बाई कळ दाबायच्या आणि मेथी निवडायला बसायच्या.

"मशीन जुनं झालंय, बाई," मी म्हणाले.

"मशीन जुनं, का तुझं काम कच्चं?"

ते मला लागलं. एडिटरचा कोड खुला होता. कुणीही वाचावा, सुधारणा सुचवावी. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की मी तो वाचायचे. हळूहळू उलगडलं. माझी एक ओळ हजारदा चालवायची असली, तर एडिटर हजारदा ती नव्यानं वाचून अर्थ लावत होता. मी त्याला एकदा लावलेला अर्थ जपून ठेवायला लावलं. यात तीन आठवडे गेले, पण आता कळ दाबताच शब्द जागेवर!

बाई हरखल्या. मग पडद्याकडं बोट करून म्हणाल्या, "पण 'खळं' हे 'खवा'च्या आधी कसं? आपल्यात ळ येतो ह नंतर."

मी क्रमाची ओळ बदलली. 'खळं' जागचं हललं नाही. चूक माझीच होती. ओळ बदलली तरी एडिटर जपलेला जुनाच अर्थ चालवत होता. तो टाकून द्यायचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. ते दुरुस्त केलं तसं 'खळं' खाली सरकलं, आणि सगळं काम मी एडिटर सांभाळणाऱ्या लोकांकडं पाठवलं. त्यांनी आणखी चाचण्या मागत दोनदा परत केलं. तिसऱ्यांदा घेतलं.

मी धावत वर गेले. "बाई, आता हे सगळ्यांनाच मिळणार!"

"लई चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "आता ती भाषा मला शिकव, पोरी. प्रत्येक शब्दापुढं गाव घालायचंय, अन् दरवेळी तुला कुठं बोलवू?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही बसलो. त्यांची पहिली ओळ तीनदा चुकली, चौथ्यांदा चालली.