विजेचा घण

तेलगावच्या पुढं एका वाडीत उत्तरेश्वर लोहार ऊसतोडीचे कोयते करायचा. तापलेलं लोखंड सांडशीत धरून वळवायचं काम त्याचं, त्यावर घण घालायचं काम बायकोचं, सुभद्राबाईचं. बावीस वर्षं तिनं घण घातला. आता तिचा उजवा खांदा असा आखडला होता की वेणी घालायलासुद्धा शेजारच्या अंजनाला बोलवावं लागायचं. म्हणून विजेवर चालणारा घण घ्यायचं उत्तरेश्वरनं मनावर घेतलं आणि बँकेत लोनचा अर्ज टाकला.

साहेब पाहणीला आले ते जानेवारीत. आता जानेवारीत इथं असतंय कोण? अख्खी वाडी ऊसतोडीला गेलेली, भट्टी थंड, ऐरणीवर कोंबडी बसलेली. साहेबांनी इमानदारीत लिहिलं, 'व्यवसाय बंद आढळला.'

गडी चिकट. बँकेत पाच चकरा मारून त्यानं साहेबांच्या डोक्यात घातलं, की कोयत्याचा धंदा दसऱ्याच्या आधीचे दोन महिनेच असतो. दुसरी पाहणी भादव्यात ठरली. आदल्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "उद्या साहेबासमोर धंदा जोरात दिसला पायजे. तेवढा एक दिवस कण्हू नको."

"न्हाई कण्हत," सुभद्राबाई म्हणाली.

तिनं दिवाळीचं लुगडं नेसलं. दहा-बारा गिऱ्हाइकं बसलेली. साहेब खुर्चीवर टेकले, चहा घेतला. तिनं घण उचलला आणि काय सांगावं, नवी नवरी होती तेव्हाही तिनं असा घण घातला नसेल. एक घाव वाया गेला नाही. ओठ तेवढे घट्ट मिटलेले. साहेबांनी फोटो काढले. उत्तरेश्वरची छाती फुगली, मेल्याची.

पंधरा दिवसांनी बँकेचं पत्र आलं. भट्टीवर गिऱ्हाइकं बसलेली असतानाच अंजनानं ते वाचून दाखवलं. 'व्यवसाय उत्तम चालू आहे. सध्याच्या साधनांवर काम समाधानकारक होते. यंत्राची आवश्यकता दिसत नाही. अर्ज नामंजूर.'

उत्तरेश्वरला आपलीच लाज वाटली. "मीच तुला कण्हू नको म्हणलो," तो म्हणाला. "लई चुकलं माझं."

"सध्याची साधनं म्हंजी मीच की," सुभद्राबाई म्हणाली. "चांगलं लिवलंय माझ्याबद्दल."

तेवढं बोलून ती घणाकडं वळली. उत्तरेश्वरनं सांडशी तिच्या हातात दिली आणि घण स्वतः उचलला. पहिला घाव कोयता सोडून ऐरणीवर बसला. गिऱ्हाइकं हसली. सुभद्राबाई हसली नाही. तिनं कोयता जरासा सरकवून त्याच्या घणाखाली आणला.