मुक्काम पोस्ट पिवळी गाडी

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी आंघोळ करून परत आले, तेव्हा आमचं घर विसरवाडीला गेलेलं होतं.

हे नीट सांगायचं तर दिवाळीतल्या शेवभाजीपासून सुरुवात करावी लागेल. माझे मोठे दीर नंदुरबारात मिरचीचे व्यापारी. पाडव्याला सगळं कुटुंब त्यांच्याकडे जेवायला जमतं. मीही गेले, पोटभर जेवले आणि मोकळ्या मनाने म्हणाले, "भाजी छान झाली आहे. फक्त थोडं तिखट कमी आहे."

पंगत जागच्या जागी थांबली. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरी तिखट कमी! (सोनाराच्या बायकोच्या गळ्यातलं पाहून 'हे पितळ का हो?' असं विचारण्यासारखंच होतं ते. पण मी जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. चूक दिसली की तिच्याभोवती तांबडा गोल काढल्याशिवाय मला चैन पडत नाही.)

जाऊबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "काय म्हनी व तू? तिखट कमी शे? मन्हा घरमा?"

"थोडंसं."

"मंग नको येऊ मन्हा घर!"

"नाही येणार! पायसुद्धा ठेवणार नाही!"

"मला अजून एक भाकरी..." आमचे हे म्हणत होते.

"उठा!" मी म्हणाले. हे अर्धपोटी उठले. बेचाळीस वर्षांच्या संसारात यांना अर्धपोटी उठायची सवय आहे.

त्यानंतर महिनाभरातच आमच्या घराचा स्लॅब टपकायला लागला. इंजिनिअर आला, वर बघून त्याने चेहरा पाडला आणि म्हणाला, "पाडून नवीन टाकावा लागेल. घर रिकामं करा." महिना-दीड महिन्यासाठी गावात कोणी खोली देईना. लॉजवर राहायचं, तर गावातलीच माणसं गावातल्या लॉजवर का राहतात याची कारणं लोक आपापली ठरवतात!

"दादाकडे वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत," हे हळूच म्हणाले.

"मी गाडीत राहीन, पण त्या घरात पाय ठेवणार नाही!"

हे मी रागात बोलले होते. बोलायची एक पद्धत असते. पण यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि विचारात पडले. दारात खरोखरच एक गाडी उभी होती. पोस्टातून निवृत्त झाल्यावर एका शाळेच्या गाडीवाल्याकडून यांनी ती पिवळी व्हॅन घेतली होती, आपण दोघं देश बघू म्हणून. (देशापैकी आम्ही तोवर नवापूरपर्यंतचा भाग पाहिला होता.) मागच्या काचेवर अजून 'सावकाश, मुले आहेत' असं लिहिलेलं होतं.

"रागात म्हणालीस ना?" यांनी विचारलं.

आता मागे सरकायचं म्हणजे जाऊबाईंच्या जिन्याची पायरी चढायची. "मुळीच नाही," मी म्हणाले. "सीटा काढा."

सीटा निघाल्या, गादी पडली, खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे लागले, कोपऱ्यात छोटा गॅस बसला. घर तयार! फक्त ते ठेवायचं कुठे, हे ठरायचं होतं.

पहिल्या दिवशी आपल्याच गल्लीत लावली. ठेकेदार म्हणाला, "बाई, गाडी काढा, मिक्सर आणायचाय." एक घर पुढे गेलो. शेजारीण बाहेर आली. "आठे नका लावू हो, मन्हा घर सोयरा येनार शेतस." आणखी पुढे गेलो. तिथे गाडीच्या सावलीमुळे कोणाचे तरी पापड वाळेनात. अशा रीतीने दिवे लागायच्या आत आम्ही आपल्याच गल्लीतून घराघराने हद्दपार झालो.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या भिंतीशी चांगली सावली सापडली. दुपारी मी आडवी झाले होते. घंटा झाली, दार सरकलं आणि दप्तरांसकट पोरं आत! पिवळी गाडी, मागे 'मुले आहेत' लिहिलेलं, त्यांची काय चूक?

"टीचर, सीट कुठे गेल्या?"

"ही शाळेची गाडी नाही! हे माझं घर आहे! खाली उतरा!"

"टीचर, हिला उलटी येतेय."

आली. गादीवरच आली. गादी धुतली, वाळत घातली आणि तिथूनही निघालो. मी रडकुंडीला आले होते, पण यांच्यासमोर रडले असते तर यांनी गाडी सरळ दादांच्या घराकडे वळवली असती. म्हणून मी ओठ घट्ट मिटून रस्ता दाखवत बसले.

तिसरी जागा मीच शोधली, बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला. जवळ चहाची टपरी, समोरच्या गल्लीत माझ्या एका जुन्या सहशिक्षिकेचं घर, आंघोळीची सोय. यापेक्षा काय पाहिजे? पण आमच्या जिल्ह्यात एक रीत आहे. उभ्या गाडीत माणूस बसलेला दिसला, की ती गाडी विसरवाडी, नवापूर अशा कुठल्यातरी गावाला जाणारच. ती भरली की निघते. तिच्यावर पाटी लागत नाही आणि वेळ कोणी विचारत नाही. पहाटेच मी बादली, टॉवेल आणि साबण घेऊन मैत्रिणीकडे गेले. गाडीचं दार उघडं होतं. आत हे, अंगावर शाल, हातात चहा.

मी परत आले तर रस्ता मोकळा.

"अहो भाऊ, इथली पिवळी गाडी?" मी टपरीवाल्याला विचारलं.

"मावशी, ती विसरवाडी गयी."

"गेली म्हणजे?"

"भरी गयी ना! भरनी की निंघी जास."

मोबाइल गाडीत, पर्स गाडीत, कंगवा गाडीत. ओले केस, खांद्यावर टॉवेल आणि हातात बादली अशा अवतारात मी टपरीच्या बाकावर बसले. त्या सकाळी नंदुरबारातल्या माझ्या एकूण एक माजी विद्यार्थ्यांना त्याच रस्त्याने काम निघालं.

"नमस्कार बाई! इथे कुठे?"

"गाडीची वाट बघतेय."

"बादली घेऊन?"

"तू तुझ्या कामाला जा!"

ऊन चांगलं वर आल्यावर घर परत आलं. यायलाही भरूनच आलं. माझ्या उशीला टेकून एक आजीबाई घोरत होत्या आणि माझ्या डब्यातले लाडू एका कुटुंबाने संपवले होते.

"अगं, मी नाही नाही म्हणत होतो," हे म्हणाले. "पण एक जण म्हणाला, 'विसरवाडी जास ना भाऊ?' मी म्हटलं, बसा, जरा समजावून सांगतो. तेवढ्यात बाकीचे चढले. गाडी भरली. भरल्यावर न निघणं बरं दिसतं का?"

"आणि परत येताना?"

"रिकामी आणणं बरं दिसतं का?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर चार जीपवाले येऊन उभे. "काका, धंदा करायचा तर नंबर लावा. नहीते गाडी उचला आठून!" मी त्यांच्याशी हुज्जत घातली. हा धंदा नाही, हे घर आहे, हे परोपरीने सांगितलं. आजीबाई अजून आत घोरत होत्या, त्यामुळे माझ्या म्हणण्याला वजन आलं नाही.

"आता तरी दादाकडे..." यांनी सुरुवात केली.

"गाडी चालू करा! जिथे शेजारी नाहीत, शाळा नाही, स्टँड नाही, अशा जागी चला!"

त्या संध्याकाळी गावाबाहेर आम्हाला ती जागा सापडली. सपाट, झाडलेलं, चिटपाखरू नसलेलं मोकळं रान. कडेला पंपाची खोली, नळाला पाणी. मी आनंदाने यांना म्हणाले, "बघा! जिद्द असली की जागा सापडते." गाडी बरोब्बर मधोमध लावली, म्हणजे कोणाच्या दारात आल्याची तक्रार नको. कानात कापूस घातला (हे घोरतात) आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच गाढ झोपले.

सकाळी शिंकेने जाग आली. माझ्या शिंकेवर यांची शिंक, यांच्या शिंकेवर माझी. डोळे पुसत पडदा सरकवला तर बाहेर सगळं लालभडक!

मिरची. चारी बाजूंनी, नजर जाईल तिथवर मिरची. नंदुरबारात जन्म काढलेल्या बाईला सपाट झाडलेलं रान म्हणजे मिरची वाळवायची पथारी, एवढं कळू नये? दुसरीकडची अर्धी वाळलेली मिरची पहाटेपासून इथे आणून पसरली होती. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका अजून पसरतच होत्या.

"अहो, आम्हाला उठवलं का नाही?" मी खिडकीतून ओरडले.

मुकादमबाई लांबून म्हणाली, "तुम्ही झोपेल व्हतात. म्हंतलं, झोपू द्या."

"आता गाडी कशी काढू?"

"हालाडू नका! गाडी खाले बी मिरची शे!"

गाडीखाली सुद्धा! जागा वाया कशाला घालवा!

"किती दिवस वाळेल?"

"ऊन पडनं तर आठ दिन."

हे चप्पल घालून खाली उतरायला निघाले. पाऊल मिरचीवर, मिरची चपलेत, चपलेतून बोटांत. जेवढ्या वेगाने उतरले त्याच्या दुप्पट वेगाने परत चढले आणि तळव्यांवर पाणी ओतत बसले. त्यात वारा सुटला. काचा लावल्या तर गुदमरायला होई, उघडल्या तर ठसका लागे. मी चिडून विचारलं, "कोणाची आहे ही पथारी? बोलवा मालकाला!"

मालकाऐवजी मालकीणच आली. पथारीच्या पार कडेला कोणाच्या तरी स्कूटरच्या मागच्या सीटवरून उतरली, नाकावरचा पदर घट्ट केला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती उभं राहायची तऱ्हा मी ओळखली आणि पडदा ओढून घेतला. उशीर झाला होता.

"कोन शे तठे? मास्तरीनबाई? तू?"

जाऊबाई! दिरांनी यंदा नवी पथारी घेतली होती, आणि बोलणं बंद असल्यामुळे आम्हाला पत्ता नव्हता.

"लोके सांगी ऱ्हायनात, तुन्ही देरानी विसरवाडीनी गाडी चालाडस. मले वाटनं, खोटं शे! आनि आख्खं गाव सोडी तुले मन्हीच पथारी सापडनी का व?"

"मी तुमच्या... आऽक्छी... घरात पाय ठेवलेला नाही!"

"ते दिसी ऱ्हायनं!" जाऊबाई दोन पावलं पुढे आल्या. सगळ्या बायका हात थांबवून बघायला लागल्या. "बाया रस्ता करी देतीन, गाडी आत्ते निंघी. फक्त एक सांग. तिखट कमी शे का?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पाय बादलीत. "अगं, 'नाही' म्हण," हे कळवळून म्हणाले. "एका शब्दाचा प्रश्न आहे!"

खरंच एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द उच्चारला की गाडी सुटत होती, आणि मग मुकाट्याने जिना चढून वरच्या खोलीत जायचं. मी खिडकीतून मान बाहेर काढली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"थोडं..." मी म्हणाले, "आऽक्छी... कमीच शे!"

जाऊबाईंचा पदर नाकावरून खाली आला. त्या काहीतरी जोरात बोलणार होत्या, पण वाऱ्याने डाव साधला आणि त्यांनाच अशी शिंक आली की स्कूटरवाला दचकला. मग दुसरी आली, मग तिसरी. बायका फडक्यांआडून हसायला लागल्या. माझी हसायची बिशाद नव्हती.

"ऱ्हाय मंग तठेच!" जाऊबाई शिंकत शिंकत म्हणाल्या. "मिरची वाळेपावत!" आणि निघून गेल्या.

दुपारी त्या परत आल्या. यावेळी बायकांनी गाडीपर्यंत एक माणूस जाईल एवढी वाट करून दिली होती. हातात डबा. डब्यात शेवभाजी आणि गरम भाकरी. चेहरा अजून रागीटच. त्यांनी कीव केली असती, तर मी डब्याला हात लावला नसता. पण त्या चिडलेल्या होत्या, म्हणून मला घेता आला.

"खाय."

मी खाल्लं. भाजी नव्हती, विस्तव होता. कानातून वाफ निघते की काय असं झालं. पण त्या भर उन्हात, मिरचीतून वाट काढत ही बाई माझ्यासाठी भाकरी घेऊन आली, या विचाराने मला खरंच भरून आलं. सुदैवाने डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे त्या दिवशी कोणी विचारण्यातलं नव्हतं.

"राखनदार काम सोडी पयी गया," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. "गाडी ऱ्हाऊ दे आठेच. ध्यान ठेव मिरचीवर. आनि तो पाय बादलीमा ठेयेल शे, त्याले बी भाकर दे."

अशी आम्हाला जागा मिळाली. एक माल वाळला की दुसरा पसरायचा, मधली वाट राखून. नव्या स्लॅबवर पाणी मारून होईपर्यंत आम्ही त्या लाल समुद्रात राहिलो. कोणी 'गाडी काढा' म्हणालं नाही, कोणी 'विसरवाडी?' विचारलं नाही. जाऊबाई रोज डबा घेऊन यायच्या, गादीवर बसायच्या, दोघी मिळून दुनियेला नावं ठेवायचो. शेवभाजीचा विषय मात्र दोघींनीही काढला नाही. आणि त्यांच्या घरात मी शेवटपर्यंत पाय ठेवला नाही!

घर तयार झालं. वास्तुशांतीला पहिलं ताट जाऊबाईंचं. शेवभाजी मी स्वतः केली, आमच्याच राखणीतल्या मिरचीची. मनाशी ठरवून दुप्पट तिखट घातलं. जाऊबाईंनी घास घेतला. सावकाश चावला. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"चांगली व्हयनी," त्या म्हणाल्या. "फक्त थोडं तिखट कमी शे."

मी ताडकन उठले. खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "चला!" यांना म्हणाले, "या घरात मी आता पाय ठेवणार नाही!" आणि तरातरा जाऊन गाडीत बसले. हे हातातली भाकरी तशीच घेऊन मागोमाग आले, शेजारी बसले, गाडी चालू केली आणि मग बंद केली.

"अगं," हे हळूच म्हणाले, "पण यावेळी घर आपलं आहे."