लांबून खेळणारी

"अगं, थांब. हात दाखव."

वेदांतच्या आईनं माझ्या हातातला कंट्रोलर ओढून घेतला नाही. तो कुठं ठेवायचा ते फक्त बोटानं दाखवलं. मी टीपॉयवर ठेवला. मग हात पुढे केले. शाळेत नखं तपासताना करतात तसे.

बोटांवर हिरवट काळा थर होता. सकाळी आमच्या भाजीच्या वाडीत भेदरं तोडली होती. शहरात त्यांना टमाटे म्हणतात. झाडाला हात लागला की पानांचा रस बोटांवर बसतो आणि काळा पडतो. साबणानं जात नाही. तिवस्याला बसमध्ये चढण्याआधी मी हात धुतले होते. अमरावतीला उतरल्यावर पुन्हा धुतले होते.

"धुतलेत काकू," मी म्हटलं.

"हो गं, कळतंय. राग मानू नकोस हं. सगळी मुलं तेच हाताळतात ना."

ती आत गेली. केस रंगवायच्या पाकिटात पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे येतात, ते घेऊन आली. मी घातले. सोफ्यावर पोरं चिवडा खात होती. तेलकट बोटं पँटला पुसून तोच कंट्रोलर धरत होती. एक जण म्हणाला, "काय बे, ऑपरेशन करून राहिली का हे?"

सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

वेदांत माझ्या वर्गातला. बाप वकील. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मोठ्या पडद्यावर मारामारीचा गेम लावला होता. तिथं मी त्याच्या मित्राला हरवलं, म्हणून त्यानं मला बोलावलं होतं. दर रविवारी त्याच्या घरी खेळणारे जमत. त्याला ते क्लब म्हणत. त्यातूनच अकोल्याच्या स्पर्धेला जाणारे निवडले जायचे. मला अकोल्याला जायचं होतं. आयुष्यात कोणीतरी मला कशासाठी तरी निवडावं, एवढंच हवं होतं.

म्हणून मी जात राहिले. दर रविवारी माझ्या जागेवर नवे हातमोजे ठेवलेले असायचे.

घरी मी लिंबानं बोटं घासायची. आईनं पाहिलं.

"काय वं, लिंबू काहून वाया घालून राहिली?"

"डाग काढतो."

"निघत नाही तो. माह्याबी नाही निघाला."

हातमोज्यात अंगठा घसरतो. जवळून मारायचं तर बोटं झरझर चालावी लागतात. एकामागून एक बटणं, श्वास घ्यायला वेळ नाही. प्लॅस्टिकमधून ते जमत नव्हतं. प्रत्येक रविवारी मी मार खायची. मग मी दुसरी वाट धरली. गेममधली हातात लांब काठी असलेली एक बाई निवडली. समोरच्याचा वार जिथं पोचत नाही, तिथं तिला उभी करायची. फार लांब नाही. त्याला वाटलं पाहिजे की आत्ता गाठतो. तो झेपावला की एक पाऊल मागं. त्याचा वार हवेत जातो. हात आवरून घ्यायला त्याला वेळ लागतो. तेवढ्यात काठी. एकच बटण. घसरणाऱ्या अंगठ्यालाही एक बटण नीट दाबता येतं.

मी जिंकायला लागले. चिवडा खाणं थांबलं. टोमणे वाढले.

"पळपुटी."

"भिड ना. हिंमत नाही का?"

निवडीच्या दिवशी मी वेदांतला हरवलं. तो पुन्हा पुन्हा अंगावर येत राहिला, काठी खात राहिला. संपल्यावर त्यानं पडद्याकडं पाहिलंही नाही. पोरांकडं पाहत म्हणाला, "हे धरायचं नाही. आपल्याकडे नवीन नियम. मागं सरायचं नाही. जो मागं सरला, तो हरला."

"कधीपासून?" मी विचारलं.

"आत्तापासून. हे काय खेळणं आहे? लांबून लांबून. घाण गेम आहे हा."

घाण. तो शब्द डोक्यात गेला आणि सगळं लख्ख दिसलं. जवळ आले तर माझे हात घाण. लांब राहिले तर माझा खेळ घाण. जवळ यायचं नाही हे यांनीच ठरवलं. लांब राहायचं नाही हेही हेच ठरवणार. म्हणजे मी उभी राहू शकेन अशी जागाच या घरात नव्हती. हरण्याची जागा तेवढी होती.

मी हातमोजे काढले. कंट्रोलर उघड्या हातानं उचलला, सगळ्यांसमोर नीट टीपॉयवर ठेवला.

"मी चालली," मी म्हटलं.

"अकोल्याला यायचं नाही का तुला?"

"येतो. तुह्यासंगं नाही."

स्पर्धेच्या दिवशी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि एकटी अकोल्याला गेले. एका मंगल कार्यालयात स्पर्धा होती. नाव कोणालाही देता येत होतं. हे वेदांतनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तिथं हात कोणी पाहिले नाहीत. माझ्यापुढं एक अकोल्याचा पोरगा हरला, तो आपल्या दोस्ताला म्हणाला, "बाप्पा! हे पोरगी तं जवळच येऊ देत नाही बे!" शिव्या घातल्या, हसला, पाणी प्यायला गेला. नियम बदलला नाही.

आणखी एक सामना जिंकले, तेव्हा वेदांत आला. नावं लिहिणाऱ्या दादाला म्हणाला, "हिच्यापुढे आमचा अमरावतीचा क्लब लिहा. माझ्याच घरी शिकली ही."

"लिहू नका दादा," मी म्हटलं. मोठ्यानं. आमच्या वाडीत बोलतात तसं. "यायच्या घरी मले हातमोजे घालून खेळवत होते. काहून, तं माहे हात घाण आहेत म्हणून."

आजूबाजूची पोरं वळून पाहू लागली. वेदांतचा चेहरा उतरला.

"अगं, ते आईचं होतं. मी काय केलं?"

"तू समोर बसला होता."

दादानं माझ्या नावापुढं तिवसा लिहिलं.

पुढच्या सामन्यात मी हरले. समोरच्या पोरानं माझं अंतर ओळखलं. काठीच्या आत घुसला आणि मग सोडलंच नाही. इतक्या जवळ आल्यावर काय करायचं, ते मला येत नव्हतं. कसं येणार? रविवारमागून रविवार मी प्लॅस्टिकमध्ये खेळले. अर्धाच खेळ माझ्या हाताला लागू दिला त्यांनी. आणि वर म्हणतात, आमच्या घरी शिकली.

उरलेला अर्धा मी घेणार आहे. कोणाच्या दिवाणखान्यात परवानगी मागून नाही. कॉलेजमागं एक गेम पार्लर आहे, तिथं शिकते आहे. याच हातांनी. मार खाते आहे, खाईन. लांबून खेळणं सोडणार नाही, ते मी कमावलं आहे. पण पुढच्या वर्षी अकोल्यात वेदांत समोर आला, तर मी एक पाऊलही मागं घेणार नाही. मला त्याला अगदी जवळून हरवायचं आहे.