काजळाची मिशी

आमच्या सोलापुरात तेव्हा दुपारभर गल्लीगल्लीतून मागांचा खटखटाट चाले, आणि महिला मंडळाचं आमचं नाटक त्याच तालावर बसलं. अजूनही डोळे मिटले की ती दुपार येते. शाळेचा वर्ग, शेजारच्या विणकरीणबाईंनी दिलेल्या दोन चादरींचा पडदा, आणि त्यातून गाळून आलेलं तांबूस ऊन. त्या उन्हात आम्ही सगळ्या तरंगत होतो की काय, कोण जाणे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाचं नाटक. पुरुषांना मज्जाव, अगदी शाळेच्या शिपायालासुद्धा हाकललेलं. पुरुषांची कामंही बायकाच करायच्या. मी चौदा वर्षांची, बिनलग्नाची, पण नाटकात बायको! माझी विधवा आत्या पडद्यामागून सगळ्यांना वाक्यं पुरवी. केस उतरवलेली, आलवणातली बाई हळदीकुंकवात समोर कशी येणार? नाटक मात्र तिला अख्खं तोंडपाठ. मला त्या सगळ्याजणींचा असा राग येई!

ऐन वेळी माझ्या नवऱ्याचं काम करणाऱ्या बाईंना ताप भरला. मंडळाच्या चिटणीस, वकिलीणबाई, रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "आत्या आहे की!"

मग वकिलीणबाईंनीच कोट, धोतर आणि पागोटं आत्याच्या हातात ठेवलं. काजळाची मिशी मी काढली. अगं बाई, काय रुबाब तो! जन्मभर मामलेदारी केल्यासारखी चालली. बायका पोट धरधरून हसल्या. हे कधी संपूच नये, असं मला वाटत होतं.

शेवटच्या प्रवेशात परगावाहून आलेला नवरा बायकोला कुंकू लावतो. घाईगर्दीत हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्यानं करंडा उघडला आणि तिचं बोट तिथंच थांबलं. हसू विरलं. नुसते माग ऐकू येत होते. मी सरळ तिचा हात धरला आणि कपाळ पुढं केलं. तिनं कुंकू लावलं.

पडदा ओढल्याबरोबर माझी आजी, आत्याची सख्खी आई, आत आली. "कुमारिकेला अपशकुन! पूस आधी ते."

आत्यानंच मुकाट्यानं कोटाची बाही माझ्या कपाळाकडं नेली. मी मागं सरले.

"नवरा धडधडीत समोर उभा असताना कुंकू पुसू होय?"

आजी आल्या पावली बाहेर गेली. सोळाव्या वर्षी आत्याचं कुंकू तिनंच पुसलं होतं.