मामांचं एकशे चार

आमच्या हिच्या मामांइतका प्रामाणिक बॅट्समन अख्ख्या गिरगावात झाला नाही, आणि अशा माणसाचं आयुष्यातलं पहिलंवहिलं शतक नासवण्याचा मान माझ्याकडे जातो. झालं इतकंच, की एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मामा काठी टेकत कोपऱ्यावर वडे आणायला उतरले आणि त्यांचा तो क्रिकेटचा व्हिडिओ गेम टीव्हीसमोर नुसता पडून होता. मामा तो 'हार्ड'वर खेळतात. हार्डवर माझा पहिल्याच बॉलला त्रिफळा उडतो हे मला, हिला आणि मामांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणून मी गुपचूप 'ईझी' लावलं, एका ओव्हरमध्ये चार सिक्सर ठोकले आणि जिन्यावर काठीचा आवाज आल्याबरोबर चोरासारखा टीव्ही बंद केला. सेटिंग परत हार्डवर न्यायचं राहून गेलं. वडे गरम होते, याखेरीज माझ्याकडे काहीही सबब नाही.

हा गेम मामांना त्यांच्या मुलाने आणून दिला. मामी गेल्यावर बाबा एकटे पडतात, तेवढाच विरंगुळा, म्हणून. पण विरंगुळा हा शब्द मामांसमोर उच्चारायची सोय नाही. सकाळी आंघोळ झाली की पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि खडूने रंगवलेले कॅनव्हासचे बूट घालून ते खुर्चीत बसतात आणि टीव्हीतल्या अंपायरकडे बघून "मिडल अँड लेग" मागतात. पहिला तास बॉलरचा, असं त्यांचं मत असल्यामुळे तासभर ते सगळे बॉल सोडून देतात. गेममधलं पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं की आवाज बंद करतात. टीव्हीच्या मागेच खिडकी आणि खिडकीबाहेर चाळीची गॅलरी, त्यामुळे बॉलर धावत येत असताना गॅलरीतून कुणी गेलं की मामा हात वर करून "साइटस्क्रीन!" असे गरजतात. शेजारच्या काकू ओल्या चादरीची बादली घेऊन कितीदा तरी ओव्हर संपेपर्यंत जागच्या जागी उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. एवढं करूनही गेम खरा नाही, ही मामांची तक्रार आहेच. "अहो जावईबापू, शेजारच्या मॅचचा लाँग-ऑन आपल्या स्लिपमध्ये पाठ करून उभा नाही, हे कसलं मैदान? आणि विकेटवर एक बकरी नाही, कुत्रा नाही. इतक्या स्वच्छ विकेटवर माणसाने खेळायचं तरी कसं?"

पण खरी पंचाईत होते ती बॉलला बॅटची कड लागली की. कड लागली की गेमचा तो रिमोट आपोआप हातात थरथरतो. अंपायरने नॉटआऊट दिलं तरी मामांच्या हाताला कळलेलं असतं. मामा तडक निघायला बघतात, पण स्वतःहून तंबूत परतायची सोय गेम बनवणाऱ्यांनी ठेवलेली नाही. असे बॅट्समन अजूनही असतात हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. मग मामा पुढच्या बॉलला तिन्ही स्टंप मोकळे सोडून बॅट वर धरतात आणि बोल्ड होतात. "हिशेब चुकता," म्हणतात आणि पाणी प्यायला उठतात.

हे त्यांचं जुनंच आहे. ऑफिसच्या टीमकडून खेळताना एकदा ते सत्त्याण्णववर होते. बॉल ग्लोव्हला पुसटसा लागून कीपरकडे गेला, अंपायरने मान हलवली आणि मामा चालू लागले. मॅच हरले. कॅप्टन त्यांचे साहेबही होते. ते आठ महिने मामांशी फक्त फायलीतून बोलले. मामी त्या दिवशी डबा घेऊन मैदानावर आल्या होत्या आणि पर्समध्ये पेढ्यांचा पुडाही होता म्हणे. तो तसाच घरी गेला. पुढे मामांचं शतक कधी झालंच नाही. म्हणून मामांचा पण होता: "हार्डवर एक शतक. एकच. मग हा गेमचा डबा चादरीत बांधून माळ्यावर."

तर त्या रविवारनंतरच्या मंगळवारी सकाळी फोन आला. "जावईबापू, एकशे चार. नाबाद." आवाज इतका हळू, की मला आधी वाटलं कुणी आजारी आहे. "आज पाय हलत होते हो. खुर्चीत बसून, पण हलत होते."

त्याच क्षणी मला ते ईझी आठवलं. मी हिला सगळं सांगितलं. ही मेथी निवडत होती. माझ्या गुन्ह्याबद्दल काही तरी खमंग ऐकायला मिळेल म्हणून मी तयारीत उभा होतो, तर हिने भलतंच विचारलं, "म्हणजे डबा माळ्यावर?" मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "आत्ता जा. आणि सांगून टाका."

दादरहून गिरगावपर्यंत मी बसमध्ये सात वाक्यं तयार केली. चाळीत पोचलो तर अख्खी गॅलरी पेढे खात होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सकाळपासून मी तीनदा खिडकीवरून गेले, मामा एकदाही ओरडले नाहीत. मी तेव्हाच ओळखलं, आज काही तरी वेगळंच आहे!" मामांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि माझी सातही वाक्यं त्याच्याबरोबर गिळली गेली. पलंगावर जुनी चादर अंथरून ठेवली होती. "बांधायच्या आधी एक ओव्हर दाखवतो तुम्हाला," म्हणून त्यांनी रिमोट उचलला.

पहिल्या दोन बॉलवर दोन चौके. तिसरा बॉल ऑफस्टंपच्या जरासा बाहेर पडला, बाहेर निघाला, मामांनी बॅट घातली आणि बॉल कव्हरमधून सणसणत सीमेपार गेला. मामांनी खेळ थांबवला.

"जावईबापू, हा बॉल माझी कड घेतो. चाळीस वर्षं घेत आलाय."

"मामा," मी म्हटलं, "रविवारी तुम्ही वडे आणायला गेलात ना, तेव्हा मी..."

पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी सेटिंग उघडून पाहिलं. "ईझी," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "मला वाटलं, सुधारलो. उशिरा का होईना."

मग ते उठले, काठी बॅटसारखी काखेत मारली आणि दुखऱ्या गुडघ्याने गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दारोदार चालत गेले. प्रत्येक दारात एकच निरोप: "शतक झालेलं नाही. मी आऊट होतो. अंपायरला दिसलं नाही." मी मागून मान खाली घालून, बदली धावपटूसारखा.

"अहो, पण मी पेढा खाल्ला की!" शेजारच्या काकू घाबरून म्हणाल्या.

मामा थांबले. "राहू दे तो," म्हणाले. "सत्त्याण्णवचा समजा."

परत आल्यावर त्यांनी पलंगावरची चादर झटकली, नीट घडी घालून कपाटात ठेवली आणि खुर्चीत बसून म्हणाले, "लावा हार्ड. तुमच्याच हाताने लावा." मी लावलं. तेवढ्यात काकू खिडकीवरून गेल्या. "साइटस्क्रीन!" मामा गरजले. काकू थांबल्या. बॉलर धावत आला, ऑफस्टंपच्या जरासा बाहेर बॉल, कड, स्लिपमध्ये झेल. शून्य.

"हां," मामा खुर्चीत मागे रेलत म्हणाले. "आता कसं!"

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. मग पदराला हात पुसत तिने विचारलं, "हार्डवरच ठेवून आलात ना?"

"हो."

"नक्की? परत पाहिलंत?"

"दोनदा."

"मग चहा टाकते," ही म्हणाली. "मामा अजून दहा वर्षं तरी खेळतोय."